मधल्या थरातला कोळसा

चैत्र संपत आला की धुळ्याच्या बाजारात कुंभार आखाजीच्या घागरी मांडून बसतात. मी दर वर्षी एक घागर घ्यायला जाते आणि दहा घागरी वाजवून पाहते. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, मग कुणाचं लक्ष नाही असं बघून काठाला हळूच जीभ लावायची. नीट भाजलेली कोरी घागर जिभेला धरून ठेवते. यंदा कुंभारणीनं मला रंगेहाथ पकडलं. ‘‘बाई, घागर लेवानी शे का चाटानी शे?’’ म्हणाली. मला हसू आलं, लाजही वाटली, म्हणून एकीच्या जागी दोन घागरी घेतल्या. घरी येताना वाटभर तो युद्धातला वैशाख आठवत राहिला.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया एवढंच ठाऊक असतं. आमच्याकडे तो वर्षाचा मोठा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधले जातात, आमरस आणि सांजोऱ्या होतात. पण सणाचं खरं काम सकाळी उरकतं. कोरी घागर गोड्या पाण्यानं भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, सोबत कैरी आणि सांजोरी, आणि गेलेल्या माणसांना हाक मारायची, की बाबांनो, उन्हाचे आला असाल, पाणी घ्या. घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल तर त्याची ती पहिली घागर. तिच्या पाण्याला भरण्याआधी कुणी तोंड लावायचं नाही.

त्या वर्षी आमच्या घरी पहिली घागर होती. आबा, म्हणजे माझे वडील, मार्गशीर्षात गेले होते.

गाव आमचं एरंडोल आणि पारोळ्याच्या मधे, जळगाव-धुळे सडकेला लागून. माझा थोरला भाऊ त्या सडकेवर उतारूंची मोटार चालवायचा. सकाळी गावातून जळगाव, तिथून धुळं, आणि ऊन कलता कलता परत घरी. युद्ध सुरू झालं तसं पेट्रोल कुपनावर आलं, मग कुपनावरही येईना. तेव्हा भाऊनं मोटारीच्या पाठीला माणसाएवढा पत्र्याचा बंब बसवून घेतला. त्यात कोळसा भरायचा, खालून पेटवायचा, हातानं पंखा फिरवून फिरवून लाल करायचा आणि वरून नळीनं थेंब थेंब पाणी सोडायचं. त्या निखाऱ्यांचा आणि वाफेचा गॅस व्हायचा आणि गॅसवर इंजिन चालायचं. चालायचं म्हणजे कुरकुरत चालायचं. चढ आला की पुरुष उतारू आपण होऊन खाली उतरत, बायका आतून देवाचं नाव घेत, आणि मोटार म्हाताऱ्या म्हशीसारखी धापा टाकत वर चढे. पण ती चढायची, आणि भाऊला तिचा केवढा अभिमान! कुणी नुसतं ‘कोळशाची मोटार’ म्हटलं तरी त्याला राग यायचा.

आखाजीला आठ दिवस होते तेव्हा मी त्याच मोटारीतून माहेरी आले. सोबत आमचे मास्तर होते. मास्तर म्हणजे माझे यजमान, धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेला सुटी लागली होती, आणि ‘तुला पोचवतो आणि उद्या परततो’ असं म्हणून निघालेला हा गृहस्थ पुढं आठ दिवस सासरवाडीला राहिला. जावयानं इतकं राहावं की नाही यावर गल्लीत बोलणं झालंच असेल, पण त्या दिवसांत गल्लीला बोलायला त्याहून मोठा विषय होता.

त्या प्रवासाचं मला सगळं आठवतं. सडकेच्या दोन्ही बाजूंना कपाशीची काळी रानं, पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली आणि उन्हानं भेगाळलेली. कडुलिंबाचा मोहोर गळून सडकेवर पिवळट चुरा पडला होता. गिरणेच्या पात्रातली खरबुजं घेऊन भडगावकडची एक बाई बसली होती, तिच्या टोपलीचा गोड वास सगळ्या मोटारीत पसरला होता. आणि त्या गोड वासाच्या खालून दुसरा एक वास येत होता, बंबाचा. उग्र, कडवट, दवाखान्यात पाय ठेवल्यावर येतो तसा. धुळ्यापासून गावापर्यंत मी तो वास नाकाला पदर लावून सोसला.

घरी पोचले. मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. मला वाटलं, नाकातच बसलाय तो वास. पुन्हा हुंगलं. वास तांब्यातून येत होता.

‘‘माय, या पाण्याला काय झालं?’’

माय माझ्याकडे बघत राहिली. ‘‘तुले बी लागस का ते?’’ तिनं विचारलं. ‘‘माले वाटनं, मन्हा तोंडलेच चव ऱ्हायनी नही.’’

आबा गेल्यापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं, चहा गोड लागत नव्हता. मग पाणीही तसंच लागतं असं ती धरून चालली होती; घरात कोपरा धरून बसलेल्या तिच्या कानांवर गल्लीतलं बोलणं पडत नव्हतं. दोन-तीन आठवडे ती ते कडवट पाणी पीत होती आणि कुणाला एका शब्दानं बोलली नव्हती. दुःख झालं की असंच होत असेल, हा तिचा हिशेब. मला त्या क्षणी तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं, पण बाहेरून गिरजाअक्काचा आवाज आला आणि रडणं राहून गेलं.

गिरजाअक्का आमची भिंतीला भिंत शेजारीण. जीभ तिखट, हात सढळ. ती परातभर ज्वारीचं शिजवलेलं पीठ घेऊन आमच्या ओट्यावर उभी होती. त्या दिवसांत सगळ्या गल्लीत बिबड्या चाललेल्या असतात. ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजवून, मिरची-लसूण घालून, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, खाटा टाकून त्यावर थापायच्या आणि वाळवून वर्षाच्या ठेवायच्या. अक्काच्या बिबड्यांचं गावात नाव होतं.

‘‘देख पोरी, वास ले,’’ तिनं परात माझ्या नाकाशी आणली. ‘‘बठ्ठं पीठ औषधना वास मारस. सरकारना मानसेसनी इहिरमा दवाई टाकेल शे!’’

पटकीच्या भीतीनं सरकारी माणसं विहिरींत औषध टाकून जात, म्हणून गल्लीनं तोच निष्कर्ष काढला होता. दोन दिवसांत वास जाईल म्हणून लोक वाट बघत होते आणि वास वाढतच होता. पण हा वास मी धुळ्यापासून हुंगत आले होते. मी भाऊकडे बघितलं. तो ओट्याच्या कडेला उभा होता, त्याच्याही हातात तांब्या होता. दिवसभर बंबाच्या वासात असल्यानं पाण्याचा वास त्याला आजवर वेगळा जाणवला नव्हता. त्यानं तो वास घेतला, मोटारीकडे बघितलं, मग मोटारीच्या मागच्या जमिनीकडे बघितलं, आणि तांब्या खाली ठेवला.

काळ्या जमिनीत वाढलेल्या माणसाला भेगेचं काही वाटत नाही. वैशाखात हातभर, दोन हात खोल भेगा पडतात. पोरं त्यांत काठ्या घालून खोली मोजतात. आणि नको ते पाणी भेगेत ओतायचं, ही आमच्याकडे घरोघरची रीत. भांड्याचं पाणी, साबणाचं पाणी, सगळं भेगेत. जमीन पिऊन टाकते, चिखल होत नाही, माशा होत नाहीत. भाऊच्या मोटारीच्या नळ्यांत रोज संध्याकाळी काळं, डांबरट पाणी साठायचं, अर्धी बादली. चांगला कोळसा मिळेना तेव्हा तो अर्धाकच्चा कोळसा आणि पऱ्हाट्याही बंबात घालू लागला होता, त्यामुळं डांबर जास्तच. ते अंगणात सांडून घाण होऊ नये म्हणून तो रोज न चुकता मोटारीमागच्या भेगेत ओतायचा. भेगेपासून विहीर दहा पावलांवर होती.

गल्लीतली चार-पाच माणसं जमली होती. भाऊ लपवू शकला असता. सरकारी औषधावर सगळ्यांचा विश्वास बसलेलाच होता. पण त्याला लपवणं जमायचं नाही. ‘‘अक्का, दवाई नही ती,’’ तो म्हणाला. ‘‘मन्ही मोटारनं पानी शे. मी भेगमा वतस रोज.’’

 मग गिरजाअक्का बोलली, आणि तिनं आवाजही चढवला नाही. ‘‘तुन्हा बाप आम्हले पानी दी गया, भाऊ. आनि तू त्यामा डांबर टाकं.’’

हे त्याला किती लागलं असेल ते सांगायला विहिरीचं सांगावं लागेल. आमच्या गल्लीच्या बाकीच्या विहिरी खारट. आबांनी दोन उन्हाळे स्वतः दगड फोडून ही एक खणली आणि तिला गोडं पाणी लागलं. पाणी लागल्या दिवशी त्यांनी अंगणाचं कुंपण काढून टाकलं, की गल्लीनं यावं, भरावं, विचारायचं नाही. त्या विहिरीवर आबांचं नाव कुठं कोरलेलं नव्हतं, पण सगळे तिला आबांची विहीर म्हणत. आता आबांच्या पहिल्या घागरीला आठ दिवस उरले होते आणि त्यांच्याच विहिरीचं पाणी तोंडात धरवत नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, प्यायला तर आता दुसऱ्याच्या मळ्यातल्या विहिरीचंच पाणी आणावं लागणार, घागरीलाही तेच भरा. तेवढ्यावर भागलं असतं. पण मायनं मान हलवली. ‘‘दोन उन्हाया दगड फोडात त्या मानुसनी. त्याले मी लोकेसनं पानी देऊ का?’’ तिनं हे भाऊवर चिडून म्हटलं नव्हतं. पण भाऊ तिथून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मोट लागली. भाऊनं खेप बंद ठेवली, ढवळ्या-पवळ्याला जुंपलं आणि दीड दिवस पाणी उपसलं. भेगेतली काळी माती खणून लांब पडीक माळावर टाकली, खड्डा पिवळ्या मातीनं ठोकून बंद केला. नव्यानं झिरपलेलं पाणी वर आलं, स्वच्छ, गार. सगळ्यांनी ओंजळीत घेऊन हुंगलं. वास कमी होता, पण होता. तोंडात घेतला घोट की घशाशी कडू यायचं. जमिनीनं जे पिऊन टाकलं होतं ते ती थोडं थोडं परत देत होती.

आता आमचे मास्तर पुढं सरसावले. आरोग्याच्या पुस्तकात तीन मडक्यांची उतरंड असते ना, तीच. वरच्या मडक्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्यात गाळलेलं पाणी. त्यांनी तीन काठ्यांचं तिकाटणं बांधलं, वरच्या दोन मडक्यांच्या बुडाला भोकं पाडली, गल्लीला जमवून कोळशाच्या गुणांवर छोटंसं व्याख्यानही दिलं. मी पदर तोंडाला लावून उभी होते, कारण मला त्यांचा हा आवाज ओळखीचा होता. याच आवाजात ते मला वरणाला फोडणी कशी द्यावी ते सांगतात. पोत्यातला उत्तम बाभळीचा कोळसा फोडून घातला. पाणी ठिबकलं. लख्ख. गिरजाअक्कानं पहिला घोट घेतला आणि सगळ्या गल्लीदेखत थुंकून टाकला.

‘‘मास्तर,’’ ती म्हणाली, ‘‘पानी गोरं व्हयनं, पन वास काही गया नही.’’

मास्तरांची व्याख्यानं दोन दिवस बंद पडली. जावयाचा पाहुणचार मात्र चालू होता. माय रोज त्यांना रस वाढायची आणि ते खाली मान घालून दोन वाट्या जास्त प्यायचे.

ज्यानं वाट दाखवली तो ना मास्तर होता ना भाऊ. तो आमचा ढवळ्या बैल होता.

भाऊची एक सवय होती. खेपेवरून आलं की बंब मोकळा करायचा. तळाची राख फेकायची, वरचा कोरा कोळसा परत पोत्यात. मधल्या थरातले खडे, जे लाल झाले पण संपले नाहीत, ते पाण्याच्या लोखंडी टोपल्यात टाकून विझवायचे आणि वाळवून उद्याच्या खेपेत वापरायचे. खेप पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्याच दिवशी त्यानं तसं केलं. टोपल्यात पाणी विहिरीचंच. सकाळी मी अंगणात झाडत होते. ढवळ्या दावं ताणून टोपल्याशी आला. वास मारायला लागल्यापासून ती दोन्ही जनावरं विहिरीच्या पाण्याला तोंड लावत नव्हती, त्यांना रोज नाल्यावर न्यावं लागायचं. मी झाडणी घेऊन धावले, कोळशाचं घाण पाणी ते. तोवर त्यानं नाक बुडवलं होतं आणि तो शांतपणे, डोळे अर्धे मिटून, पीत होता. अर्धं टोपलं प्यायला.

मी उरलेलं पाणी ओंजळीत घेतलं. वास नव्हता. मी ओरडले, आणि इतक्या मोठ्यानं ओरडले की मास्तर तोंडाला दंतमंजन तसंच घेऊन धावत आले.

त्या सकाळी आम्ही तिघांनी शाळेतली पोरं करतात तसे प्रयोग केले. तीन फुलपात्रं. एकात वरच्या थराचा कोरा कोळसा, एकात मधला, एकात तळाची राख. पाणी विहिरीचं, सारखंच. पहिल्याचा वास तसाच. तिसऱ्याला वासही आणि वर खारट राखुंडीही. मधलं स्वच्छ. भाऊनं मधल्या थराचा एक वाळलेला खडा हातावर घेतला आणि दुसऱ्या हातावर तेवढाच कोरा. ‘‘आकार एकच, पन हाऊ हलका शे,’’ तो म्हणाला. मी तो हलका खडा जिभेला लावला. नव्या घागरीसारखा तो जिभेला चिकटून बसला, ओढून काढावा लागला. पाण्यात टाकला तर बारीक सुस्कारा टाकत बुडबुडे सोडू लागला, थांबेचना.

मास्तरांना वाचा फुटली. आता ते बोलले ते मात्र मी कान देऊन ऐकलं, आणि अजून मला पाठ आहे. लाकडाचा कोळसा होतो तेव्हा लाकडातल्या बारीक नळ्या तशाच राहतात, पण त्यांची तोंडं डांबरानं बुजलेली असतात. म्हणून कोऱ्या कोळशाचा उपयोग झाला नाही. बंबात तो लाल होतो आणि त्यावरून वाफ जाते. ती वाफ आधी ते डांबर खाते, मग आत शिरून नळ्यांच्या भिंती कुरतडते, नवी भोकं पाडते, जुनी रुंद करते. खाल्लेला कोळसा गॅस होऊन इंजिनात जातो. त्याच्या जागी पोकळी उरते. बाहेरून खडा तेवढाच, आत मात्र खोलीत खोली, तिच्यात आणखी खोली, आणि पाण्यातला वास त्या सगळ्या भिंतींना धरून बसतो. लढाईत शिपायांच्या मुखवट्यात विषारी वायू अडवायला नारळाच्या करवंटीचा असाच कोळसा भरतात, हेही त्यांनी सांगितलं.

माय चुलीपाशी बसून ऐकत होती. ‘‘म्हंजे वायवी लागेल लाकूड,’’ ती म्हणाली.

‘‘अगदी तसंच, माय!’’ मास्तर म्हणाले.

‘‘मंग वायवीनी बठ्ठं खाई टाकं तर?’’

‘‘तर भिंती पडतात. दोन खोल्यांची एक होते, मग घरच राहत नाही. तळाला उरते ती राख.’’

मायनं मान डोलावली. तिला एवढं पुरेसं होतं. मला मात्र त्या दिवसापासून आजवर त्या गोष्टीचा विचार करायचा चाळा लागला आहे. कोळशाचा कण न कण शाबूत ठेवला तरी तो कामाचा नाही, सगळा जाऊ दिला तरी नाही. मास्तर म्हणतात, यातून जगण्याचा एक सुंदर अर्थ निघतो. मी म्हणते, निघत असेल, पण आधी भाजी आणा.

मधल्या थराचे खडे एका खेपेत ओंजळभर निघायचे. तीन मडक्यांना टोपलंभर हवे होते, आणि गल्लीच्या घरांना आणखी. आखाजी तीन दिवसांवर. भाऊनं पुन्हा खेप बंद केली आणि ठरवलं, की मोटार अंगणातच उभी ठेवून बंब पेटवायचा, फक्त कोळशासाठी. सातपुड्यातून आलेला चांगला, पुरा भाजलेला धावड्याच्या लाकडाचा कोळसा घरात अडीनडीला राखलेला, दोनच पोती शिल्लक होता.

पहिल्या पोत्याचं त्यानं वाटोळं केलं. माझा भाऊ गुणी माणूस, पण थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं. लहानपणी आंबे खायला बसला की पोट दुखेपर्यंत, भांडायला उभा राहिला की समोरचा रडेपर्यंत. वाफ चांगली तर जास्त वाफ अधिक चांगली, असं धरून त्यानं पाण्याची नळी सैल सोडली आणि सकाळपासून दुपारपर्यंत पंखा फिरवला. बंब उघडला तेव्हा आत करडी राख आणि बोटांत धरताच भुगा होणारे खडे. तो राखेत हात घालून बसला. चेहऱ्यावर काळं, डोळे लाल. ‘‘आते एकच पोतं ऱ्हायनं,’’ एवढंच म्हणाला. गिरजाअक्का भिंतीवरून बघत होती. ती काही लावून बोलेल म्हणून मी तयारीत होते. पण ती आत गेली आणि थोड्या वेळानं तिच्या मुलाच्या हाती कैरीचं पन्हं पाठवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुसरं पोतं. मास्तर घड्याळ घेऊन उभे. पण भाऊनं त्या दिवशी घड्याळाकडे बघितलंच नाही. नळी आवळून थेंब मोजका ठेवला. थोड्या थोड्या वेळानं बाजूच्या झडपेतून सांडशीनं एक खडा ओढून काढायचा, पाण्यात विझवायचा, ऐकायचा, झटकून तळहातावर तोलायचा, नखानं दाबायचा. पहिला खडा जड. दुसरा बरा. मास्तर म्हणाले, ‘‘अजून अर्धा तास तरी.’’ भाऊनं तिसरा खडा काढला. तो पाण्यात पडला आणि सुस्कारला, कितीतरी वेळ. हातावर पोकळ लागला, नखानं मात्र दबला नाही. भाऊनं पंखा सोडून दिला, झडपा ओल्या मातीनं लिंपल्या आणि उठून उभा राहिला. ‘‘बस,’’ म्हणाला. माझा भाऊ वेळेवर थांबलेला मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच मोटारीच्या पायरीवर बसले.

बंब निवला, खडे निघाले. काळे, खणखणीत, हलके. आम्ही ते चार-चार पाण्यांनी धुतले, हात कोपरापर्यंत काळे झाले. सूर्य अजून कडुलिंबावर होता. पोरी झोक्यावर होत्या, पलीकडून कुणाच्या तरी घरून सांजोऱ्या तळल्याचा वास येत होता. मला आठवतं, त्या दिवसांत मला पहिल्यांदा भूक लागली.

आखाजीच्या सकाळी वाळूतून, खड्यांतून पाणी ठिबकू लागलं. गिरजाअक्का आंघोळ करून, नवं लुगडं नेसून आली होती. तिनं मडक्यावर वाकून लांब श्वास घेतला. ‘‘काहीच वास येत नही,’’ म्हणाली, आणि तिनं आपल्या घरचं मडकं मास्तरांच्या पुढं ठेवलं, की याच्यातही खडे घाला. पण वास नसला तरी चव आहे की नाही ते जिभेशिवाय कळणार नव्हतं, आणि आदल्या दिवशीच्या खड्यांतून हे पहिलंच पाणी. ते घागरीचं पाणी. त्याला तोंड लावायचं नाही.

मायनं पाटावर कोरी घागर ठेवली. खरबूज, कैरी, सांजोरी मांडून झाली. तिनं तांब्या मधल्या मडक्याखाली धरला. तो काठोकाठ भरला. भाऊ आत आला नव्हता, दाराबाहेर चौकटीला टेकून उभा होता. मायनं तांब्या घागरीवर नेला आणि हात तसाच थांबवला. मग ती वळली.

‘‘आठे ये, पोऱ्या.’’

भाऊ आत आला. तिनं तांब्या त्याच्यापुढं धरला.

‘‘आधी तू पे.’’

‘‘अवं, पितरेसनं पानी शे ते!’’ गिरजाअक्का म्हणाली. ‘‘उष्टं करस का?’’

‘‘आठ दिन व्हयनात,’’ माय म्हणाली, ‘‘या पोऱ्यानी या घरमा पानीना घोट लिधा नही. कोनले दिखनं नही. माले दिखस.’’ तिनं तांब्या त्याच्या हातात दिला. ‘‘पे. तुन्हा आबा थांबतीन.’’

मला खरंच दिसलं नव्हतं. मी आठ दिवस त्याच्या पानासमोर बसून जेवत होते. आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं.

भाऊनं दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि उभ्यानंच तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, सदरा भिजला. त्यानं मधे श्वाससुद्धा घेतला नाही. तांब्या रिकामा झाला तरी तो खाली घेईना, कारण त्याच्याआड तो रडत होता.

‘‘कसं शे?’’ मायनं विचारलं.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

‘‘आबानी इहिरनं शे,’’ तो म्हणाला.

मायनं त्याच्या हातून तांब्या घेतला, विसळला, पुन्हा मडक्याखाली धरला, आणि आबांची घागर भरली.